गुलाब सुंदर. नळ आला का?

ग्रुप मी बंद केला होता. साहेबांनी नाही.

हे वाक्य मी फार आधी बोलायला हवं होतं. तेव्हा खुर्चीत गप्प बसून राहिलो आणि पुढे बोलायची वेळ टळत गेली. आता साहेबांविषयी लिहायला घेतलं तर पहिलं तेच लिहिणं भाग आहे. ते गाळून नुसत्या त्यांच्या तऱ्हा सांगितल्या, तर ती आणखी एक लबाडी होईल.

साहेब आमच्या पाणीपुरवठा उपविभागाचे उपअभियंता होते. आमचं कार्यालय वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक कार्यालयाची नव्हती. मी तिथे लिपिक. मूळचा आसेगावचा. मराठी टंकलेखन बरं, मोबाईलची भीती नाही, म्हणून सोशल मीडियाचं काम माझ्या गळ्यात पडलं. वरून आदेश आला होता की प्रत्येक कार्यालयाने फेसबुकवर पान उघडावं, गावोगावी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करावेत आणि लोकसहभाग वाढवावा. शेजारच्या कार्यालयांनी पानं उघडून पुष्पगुच्छ देतानाचे आणि घेतानाचे फोटो टाकायला सुरुवातही केली होती. मीही एक फोटो तयार ठेवला. साहेब रुजू झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला.

साहेबांनी तो लांब धरून पाहिला.

"हे कोन होय?"

"तुम्हीच, साहेब."

"मले माहीत हाय मी कसा दिसतो. ज्याच्या घरी पानी नाई त्यानं हे थोबाड पाहून काय करावं?"

आणि ते स्कूटर काढून निघून गेले. दुपारी परत आले ते एका गंजलेल्या व्हॉल्व्हचा फोटो घेऊन. खाली काय लिहायचं ते उभ्याउभ्याच सांगितलं. 'हा व्हॉल्व्ह नादुरुस्त आहे. सोमवारी बदलू. तोपर्यंत या भागात पाणी येणार नाही. चूक आमची.' आमच्या पानावरचा हा पहिला मजकूर.

संध्याकाळच्या आत वरिष्ठांचा फोन आला. साहेब फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, त्यांना कानाशी धरायचा कंटाळा होता.

"अहो, सरकारी पानावर 'चूक आमची' असं लिहितात का?"

"मंग कोनाची लिहू सायेब? व्हॉल्व्हची?"

वरिष्ठ काही तरी पुटपुटले आणि फोन ठेवला. साहेब तालुक्यात काय, जिल्ह्याच्या सभेत काय, सगळीकडे वऱ्हाडीच बोलत. ती त्यांची ऐट नव्हती. दुसऱ्या भाषेत बोललं की आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटायचं, असं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं.

त्या व्हॉल्व्हच्या फोटोखाली लोकांनी शिव्या लिहिल्या. मला वाटलं, आता हे पान बंद करा म्हणतील. त्यांनी मला त्या एकेक करून मोठ्याने वाचायला लावल्या. मधेच एकाने विचारलं होतं, 'सोमवारी किती वाजता?' साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"पाह्य. सकाळी आईमाईवरून बोलत होता. आता वेळ विचारून राह्यला. आला का नाई घरात?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. सकाळी चहा आला की दार उघडं ठेवायचं, साहेब बूट काढून पाय खुर्चीवर घेऊन बसणार, सदऱ्याच्या खिशातले फुटाणे एकेक तोंडात टाकणार आणि मी आदल्या दिवशीच्या तक्रारी वाचणार. शिव्या देणाऱ्यांना उत्तर पहिलं. गोड बोलणाऱ्यांना नंतर. मी एकदा विचारलं, हे उलटं का? ते म्हणाले, "शिवी देनारा दारात उभा हाय. त्याले वाटते आपन ऐकू. जो काईच बोलत नाई तो कवाचा निंगून गेला, त्याचं भेव वाटते मले."

त्यांना माणसांविषयी एक विलक्षण कुतूहल होतं. तक्रार करणाऱ्याचा प्रोफाइल फोटो ते बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत. कुणाचा बैल असे, कुणाचा देव, कुणाचा सिनेमातला नट. "याच्या फोटोत बैलजोडी हाय. याले सकाळी फोन नको लावू, हा वावरात असन. जेवनाच्या टायमाले लाव." आणि तसंच निघायचं असं नाही. एकदा बैलवाल्याला जेवणाच्या वेळी फोन लावला, तर तो पुण्यात एका कंपनीत पहारेकरी निघाला. गावात त्याची आई होती आणि तिचा नळ बंद होता. साहेब दिवसभर त्याच गोष्टीवर खूश. "पुण्यात बसून मायचा नळ पाह्यते पोट्टा. आपल्याले वाटे बैल हाकून राह्यला."

आभार मानायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. सरकारी उत्तराच्या शेवटी माझ्या बोटांतून आपोआप 'धन्यवाद' उमटायचं. ते खोडायला लावत. "धन्यवाद म्हटलं का गोष्ट संपते. घर कुठं हाय ते विचार."

गावांचे ग्रुप तर त्यांच्या जिवाचा भाग. तिथे रोज सकाळी गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि सुविचार यांचा पूर येई. मी त्यांना वैतागायचो. साहेब प्रत्येकाला उत्तर देत. एका गावात निवृत्त गुरुजी होते, ते रोज पहाटे गुलाब पाठवत. साहेब खाली लिहीत, 'गुलाब सुंदर. नळ आला का?' मारुतीच्या चित्राखाली, 'जय हनुमान. नळ आला का?' बुद्धांच्या चित्राखाली, 'जयभीम. नळ आला का?' सुरुवातीला लोक हसले. मग उत्तर देऊ लागले. मग गुरुजींनी गुलाब पाठवणंच सोडलं. नुसतं लिहायचे, 'नळ आला.' साहेब अस्वस्थ झाले. त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"गुर्जी, गुलाब काहून बंद केला?"

"मले वाटलं तुमाले आवडत नाई."

"असं कसं. नुसता नळ बरा नाई वाटत. गुलाबासंग पाठवत जा."

दुसऱ्या दिवसापासून गुलाब पुन्हा सुरू.

पण त्यांची खरी करामत म्हणजे शेवटचा नळ.

गावातली पाण्याची लाइन टाकीपासून निघते आणि घराघरांतून जात गावाच्या शेवटाला पोचते. टाकीजवळच्या घरांत पाणी येतंच. खरी पंचाईत शेवटच्या घराची. साहेबांनी प्रत्येक गावात ते शेवटचं घर शोधून काढलं आणि तिथल्या बाईला एक काम दिलं. नळ आला की पाण्याचा ग्लास भरून त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तो फोटो आला म्हणजे अख्ख्या गावाला पाणी पोचलं. नाही आला तर आम्ही फोन करायचा.

ज्या गावाची ही गोष्ट आहे तिथे शेवटचं घर बौद्ध वस्तीत होतं, सुमनताईंचं. त्या दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात, नवरा बांधकामावर, मुलगी बारावीत. साहेबांबरोबर त्या दिवशी मीही लाइन बघत चालत गेलो होतो. सरपंच सोबत होते.

"आमाले कोनी शेवटीच विचारते सायेब," सुमनताई म्हणाल्या, "घर शेवटचं हाय म्हनून."

"मंग आता पह्यले तुमाले विचारू."

सरपंचांना ते रुचलं नाही. "सायेब, पह्यला फोटो टाकीजवळून घ्या ना. तथी चांगलं रंगवलं आमी."

"टाकीजवळ तर पानी तुमच्या धाकानंही येते," साहेब म्हणाले. सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या. सरपंचही हसले, पण जरा उशिरा.

मग रोज सकाळी त्यांचा फोटो येऊ लागला. स्टीलचा ग्लास, धरलेला हात, मागे फुटकी नाली आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. त्या फोटोंत बघण्यासारखं काय असतं मला कळत नसे. साहेब ग्लासाकडे कमी आणि मागे जास्त बघत. एकदा म्हणाले, "आज दोरीवर कपडे नाईत. ग्लास भरला, पन पानी कमी आलं असन. लाव फोन." सुमनताई फोनवर म्हणाल्या, "तुमाले कसं समजलं?" साहेब मला डोळा मारून म्हणाले, "सांगू नको."

आता माझं सांगतो.

त्या हिवाळ्यात साहेबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. त्यात काही तरी गुंतागुंत झाली आणि त्यांना बरेच आठवडे घरी थांबावं लागलं. मोबाईल बघायची बंदी. नेमकं तेव्हाच लोकसहभागाची पाहणी करायला वरून पथक येणार असं कळलं, आणि त्यांना दाखवायला सुमनताईंचं गाव निवडलं गेलं. गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं वारं होतं. ग्रुपवर दोन्ही गटांची तोंडं सुटली होती. एकमेकांची जुनी प्रकरणं, व्यंगचित्रं, मधूनच कुणाचं तरी भजन. हे पथकाला दाखवायचं तर माझी लाजच गेली असती.

ग्रुपमध्ये एक सोय असते. फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकेल, बाकी सगळे नुसते वाचतील. एक खूण फिरवली की झालं. मी ती फिरवली. ग्रुप एका क्षणात शांत झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरात पाहुणे येण्याआधी भांडणारी पोरं बाहेर घालवल्यासारखं.

रोजच्या फोटोचं काम मी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला दिलं. त्यालाही अ‍ॅडमिन केलं. "टाकीजवळचाच काढ," मी सांगितलं, "रंगवलेली भिंत येऊ दे." आणि पानावर येणाऱ्या खाजगी संदेशांना आपोआप उत्तर जाईल अशी व्यवस्था लावून टाकली. 'आपला संदेश प्राप्त झाला. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. धन्यवाद.'

पथक आलं. त्यांनी ग्रुप पाहिला, फोटो पाहिले आणि म्हणाले, फार शिस्तबद्ध आहे. लोकांच्या सहभागाची तपासणी करायला आलेली माणसं, आणि त्यांनी वाखाणला तो असा ग्रुप, ज्यात लोकांना बोलताच येत नव्हतं. मी मान खाली घालून हसलो. त्या कौतुकाने मी फुगलो होतो, हे आज कबूल करतो.

पथक गेल्यावर ग्रुप उघडायला हवा होता. उद्या उघडू, असं करत राहिलो. शांतता सवयीची झाली.

साहेबांचा रोज सकाळी घरून फोन यायचा. डोळ्याला पट्टी, पण प्रश्न तोच.

"शेवटचा नळ?"

"आला, साहेब."

मी फोटो बघायचो. टाकीजवळची रंगवलेली भिंत, तिथला नळ, नळाखाली भरलेला ग्लास. आणि म्हणायचो, आला. हे खोटं आहे असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही.

साहेब परतले ते काळा चष्मा लावून. आल्याआल्या बूट काढले, फुटाणे काढले आणि म्हणाले, "पानाच्या पेटीत काय हाय ते ऐकव." खाजगी संदेशांना ते पेटी म्हणत. मी म्हटलं, सगळ्यांना उत्तरं गेली आहेत साहेब. "उत्तरं नाई इचारली. संदेश ऐकव."

त्यात सुमनताईंचे आवाज होते. त्यांना लिहिता येत नसे, त्या बोलून पाठवत.

"सायेब, जयभीम. ग्रुपात बोलता येऊन नाई राह्यलं म्हनून अथी बोलून राह्यली. आमच्या वस्तीत नळ नाई आला. नालीपाशी पाइप फुटला वाटते."

पुढचा.

"सायेब, तुमचं उत्तर आलं. पोरीनं वाचून दाखवलं. कार्यवाही चालू हाय म्हने. आमी वाट पाहून राह्यलो. तवरक नाल्याजवळच्या जुन्या विहिरीचं पानी भरतो."

मधे बरेच दिवस काही नाही. मग, "सायेब, पोरीले कावीळ झाली. वस्तीत आनखीन दोघातिघाइले झाली. तिची बारावी हाय. डॉक्टर म्हनते उठू नको."

आणि शेवटचा, अगदी छोटा.

"सायेब, जयभीम. तुमी बिमार हा का?"

साहेबांनी चष्मा काढला, डोळा पुसला आणि परत लावला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "गाडी काढायले सांगा."

वस्तीत पोचलो तर ओट्यावर माणसं बसलेली. एक तरुण म्हणाला, "या सायेब. फोटो काढा. चांगले लाइक भेटतीन." एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "तुमचं पान मस्त दिसते बाप्पा मोबाईलमंदी. शांत." कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील, तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

सुमनताईंची मुलगी खाटेवर होती. उशाशी पुस्तकं होती, पण ती मिटलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. साहेब खाली जमिनीवरच बसले.

"पेपर?"

"दोन बुडले," मुलगी म्हणाली. "बाकीचेही नाई देता येनार."

सुमनताई उभ्याच होत्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जणू हिशेब जुळत नसल्याचं कोडं त्या सोडवत होत्या. "सायेब, तुमचं उत्तर आलं नसतं ना, तर म्या स्वता तालुक्याले आली असती. पैदल आली असती. पन उत्तर आलं. पह्यले तुमी येतो म्हनले का येतच होते. म्हनून वाट पाह्यली."

मी त्यांच्या मागे उभा होतो. ते उत्तर साहेबांचं नव्हतं, माझं होतं, किंवा माझंही नव्हतं, मी लावून ठेवलेल्या यंत्राचं होतं. एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिलो.

फुटलेला पाइप त्याच दिवशी जोडला. साहेब काळा चष्मा लावून चिखलात उभे. जुन्या विहिरीवर झाकण घातलं, वस्तीतल्या सगळ्यांची तपासणी करवली. मग कार्यालयात येऊन मला म्हणाले, विहिरीचा फोटो पानावर टाका. खाली मजकूर सांगितला. काय झालं ते जसंच्या तसं. गावाचा ग्रुप बंद होता, तक्रारीला खोटं उत्तर गेलं, लोक खराब पाणी प्यायले, मुलं आजारी पडली. शेवटी, 'चूक माझी.'

माझी बोटं थांबली. पूर्वी ते 'आमची' लिहीत.

"टाईप करा राजा," ते फुटाणा चावत म्हणाले, "लाइट जाईन."

पुढचे कित्येक दिवस लोकांनी त्यांना धुतलं. सकाळी चहा आला की ते तसेच पाय वर घेऊन बसत आणि मी त्यांना त्यांच्याच नावाने आलेल्या शिव्या वाचून दाखवी. मी एखादी गाळू पाहिली तर त्यांना कसं कोण जाणे कळायचं. "मधली एक सोडली तुमी." एकाने लिहिलं होतं, 'या सायबाच्या घरचा नळ कापा.' साहेब म्हणाले, "बरोबर हाय. पन आमच्या घरी नळ तुमच्या वहिनीच्या नावानं हाय, तिले इचारा लागन." मी हसलो आणि घाईने पुढची शिवी वाचायला घेतली.

कारणे दाखवा नोटीस आली. ग्रुप कुणी बंद केला? साहेबांनी उत्तर मलाच सांगितलं आणि मीच ते टंकलं. 'ग्रुपचा मुख्य अ‍ॅडमिन मी आहे. जबाबदारी माझी आहे.' त्यात माझ्या नावाचा उल्लेख नव्हता. मी ते छापलं, त्यांच्या सहीला ठेवलं आणि घरी जाऊन जेवलो. त्या जेवणात काय होतं तेसुद्धा आठवतं मला. पिठलं आणि ज्वारीची भाकर.

त्यांची बदली एका बिनकामाच्या जागेवर झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मला पुढे बढती मिळाली.

मी त्यांना भेटायला जऊळक्याला गेलो, तेव्हा मधे बराच काळ लोटला होता. निवृत्तीनंतर ते स्टेशनजवळ राहायला गेले होते. रेल्वेने येणारे-जाणारे बघायला मिळतात एवढंच कारण. मी गेलो तर ते ओट्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले.

"काय करता साहेब?"

"शिव्या देऊन राह्यलो. गावच्या ग्रुपात. रस्त्यावरचा दिवा बंद हाय. आता हे काम माह्याकडे आलं."

"उत्तर देतात का?"

"धन्यवाद पाठवते बेटे," ते म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले. मग आत जाऊन माझ्यासाठी फुटाणे घेऊन आले.

मी ते हातात धरले आणि सांगितलं. ग्रुप मी बंद केला होता. उत्तर मी लावलं होतं. टाकीजवळचा फोटो मीच काढायला सांगितला होता. तुम्ही रोज विचारत होता आणि मी 'आला' म्हणत होतो.

साहेब रुळांकडे बघत होते. मालगाडी चालली होती, ती जाईपर्यंत काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मले तवाच माहीत होतं राजा. अ‍ॅडमिन कोन कोन हाय ते दिसते ना मोबाईलमंदी."

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमच्यावर दया आली म्हनून नाई," ते म्हणाले. "गैरसमज करून घेऊ नका. चूक कारकुनाची निंगाली असती, तर वरच्याइनं काय म्हटलं असतं? कारकुनाच्या हाती मोबाईल देऊ नका. सारे ग्रुप बंद करा. अधिकाऱ्याची चूक झाली तर अधिकारी बदलते. ग्रुप चालू राह्यते. मले ते ग्रुप पाह्यजे होते." मग माझ्या हातातला एक फुटाणा उचलून, "अन् नोटीस तर मले येनारच होती. म्या पट्टी बांधून तुमच्या तोंडाचं ऐकलं. त्या बाईले एक फोन लावला असता तर भागत होतं. ते म्या केलं नाई. तर 'चूक माझी' हे काई खोटं नव्हतं."

मी म्हटलं, मला माफ करा.

"मले काय सांगता," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "माह्यं काय गेलं? बदली झाली, पेन्शन भेटते, गाड्या पाह्यतो. तिचा आवाज बंद केला तुमी. तिच्यापाशी जा ना."

तिथून मी सरळ गेलो असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यानंतरही काही महिने गेले. एका रविवारी गेलो.

वस्तीतली नाली आता बांधलेली होती. सुमनताई अंगणात तूर पाखडत होत्या. मला त्यांनी ओळखलं.

"जयभीम. तुमी त्या सायेबाच्या संग आल्ते. कसे हायेत सायेब?"

"बरे आहेत. ताई, मला काही सांगायचंय."

"सांगा ना. बसा."

वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं. त्यात 'दिलगिरी' हा शब्द होता. सुपातली तूर वर उडून खाली येत होती, आणि तो शब्द त्यांच्यासमोर बोलणं मला जमेना. मी जसं आईशी घरी बोलतो तसं बोललो.

"ताई, तो ग्रुप म्या बंद केल्ता. सायेबानं नाई. कार्यवाही चालू हाय असं उत्तर आल्तं ना, तेही म्याच लावलं होतं. तुमचे आवाज आले तवा ते ऐकाचं काम माह्यं होतं. म्या ऐकले नाई."

सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

"इतले दिवस काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटे."

"आमचं?"

"हो."

त्या जरा वेळ तुरीतले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी त्या सायेबाले लय बोललो ना जी. वस्तीतल्या पोट्ट्याइनं काय काय लेह्यलं." त्यांनी एक खडा बाहेर फेकला. "अन् मले सांगून काय होते? वरीस माह्यं नाई गेलं. तिचं गेलं."

त्यांनी कमरेला खोचलेला मोबाईल काढला. मुलगी वाशिमला नर्सिंग शिकायला होती, पुढच्या वर्षी परीक्षा देऊन गेलेली. वर्गातल्या मैत्रिणी तिच्या पुढे एक वर्ष. फोन लागला. सुमनताईंनी स्पीकर चालू केला.

"पोरी, जेवली का? अथी तालुक्याचे एक सायेब आले. तुह्याशी बोलाचं म्हनते."

"कोन?"

सुमनताईंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागल्या.

"कोन बोलून राह्यलं?" मुलीने परत विचारलं.

मी माझं नाव सांगितलं, कार्यालयाचंही सांगितलं. म्हटलं, "बेटा, तुमच्या गावचा पान्याचा ग्रुप म्या बंद केला होता. तुह्या मायनं सांगतलेलं म्या ऐकलं नाई. तुहे पेपर माह्यामुळं बुडाले. मले माफ कर."